गाळलेला मजकूर

पुणे,
१२ मे १९५७

ती. सौ. वृंदाताईस,

नमस्कार. भावोजींनाही सांग. मायन्यात जे नेहमीचं असतं ते सगळं आहे असं समजून पुढे वाच, कारण आज तासभरच हाताशी आहे.

तुझ्या भावजयीचा, सुनेत्राचा, खोकला अखेर गेला. तू धाडलेलं करवंदाचं लोणचं तिने आठवड्यात संपवलं आणि आता बरणी रिकामी झाल्याचा ठपका माझ्यावर ठेवते आहे. भावोजींना कारखान्यात बढती मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. आता तरी त्यांना अंबरनाथला बंगला मिळेल का? पण तू बदलापूर सोडशील असं मला वाटत नाही. दुपारच्या अक्षरवर्गाच्या तुझ्या बायका तुला सोडायच्या नाहीत.

माझी बातमी अशी की पदवीचा कागद हातात आला. पाच वर्षांचं काम. दोस्त राष्ट्रांच्या फौजा गेल्या लढाईत एकमेकींना कशा सांभाळत होत्या, करारात काय लिहिलं होतं आणि रणांगणावर काय घडलं, हा विषय. सध्या त्याला भलतेच दिवस आले आहेत. मनिलाचा करार काय, बगदादचा काय, जो तो कुणाशी तरी हातमिळवणी करतोय. सह्या होतात तेव्हा सगळे फोटोत असतात, पण संकट आलं की टेलिफोन कोण उचलतो आणि त्याला पलीकडचं बोलणं समजतं का, हे कुणी पाहत नाही. मी ते पाहिलं असं परीक्षकांनी लिहिलं आहे. सातव्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. डिसेंबरात दिल्लीला आशियाच्या सुरक्षिततेवर परिषद आहे, तिथे ते वाचायला बोलावलं आहे.

त्याच प्रकरणाचं मराठी रूप इथल्या एका मासिकात आलं. अंक सोबत पाठवतो. जरा रूक्ष आहे, तळटीपा फार. वाचलंच पाहिजे असं काही नाही. कपाटात ठेवून दे.

धर्मराज दूध घालायला येतो ना? बरा आहे ना? अंकाचा विषय त्याच्याजवळ काढायचं काही कारण नाही. त्याला त्यातलं काय कळणार. म्हणजे, उगाच.

सुट्टीत येणं या खेपेसही जमेलसं दिसत नाही. पेपर तपासायचे आहेत. रागावू नकोस.

तुझा,
शरद


पुणे,
३० जून १९५७

ताई,

तुझं कार्ड आलं. नमस्कार नाही, क्षेमकुशल नाही, चार ओळी. विठाने अंक वाचला. विठा भावाचं, धर्मराजचं, घर सोडून बेलवलीहून कात्रपला सासूकडे गेली. आणि शेवटी एकच प्रश्न: "त्याने तुला हे लिहू नको म्हणून सांगितलं होतं का?"

तीन दिवस ते कार्ड टेबलावर आहे. दोन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात मी तुला समजावून सांगितलं होतं की संशोधनात नावं बदलतात, मीही बदललं, 'धर्मराज' हा शब्द त्या लेखात कुठेही नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की अंक विठाच्या हातात तू दिलास. हे तुला सांगतो आहे, कारण मी किती खाली गेलो ते तुला कळावं. काल तुझं मोठं पत्रही आलं, त्यात तू लिहिलं आहेस की लेख रूक्ष आहे असं मीच म्हटल्यामुळे तू तो वाचला नाहीस. नुसता चाळताना बेलवलीचं नाव दिसलं. दोन वर्षं तुझ्या ओसरीवर बसून ती अक्षरं गिरवत होती, म्हणून तू कौतुकाने अंक तिच्या पुढ्यात ठेवलास, "विठा, बघ, तुझ्या गावाचं नाव छापून आलंय. वाच मोठ्याने." आणि ती वाचू लागली. ताई, यात तुझा काहीही दोष नाही. वाचू नकोस असं मी लिहिलं, ते तू वाचू नयेस म्हणूनच लिहिलं होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. सांगितलं होतं.

सगळं सांगतो. पंचावन्न सालचा जानेवारी. मी तुझ्याकडे राहत होतो. करारांच्या कागदांवर लिहिलेला प्रबंध मेलेला वाटतो, असं मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, आणि लष्करी दफ्तरं तर मला कोण उघडून देणार. तूच म्हणालीस, आपला दूधवाला धर्मराज इटलीत लढून आलाय, त्याला विचार की. विचारलं. महिनाभर तो बोटीच्या, बर्फाच्या, डब्यातल्या मांसाच्या गोष्टी सांगत होता. त्याच्या बहिणीचा नवरा रघू त्याच्याच पलटणीत होता आणि तिथे मेला, हे सगळ्या बेलवलीला ठाऊक होतं. कसा मेला विचारलं की तो म्हणायचा, "गोली लागली. लगेच गेला. कलला पन न्हाय त्याला." विठालाही त्याने अकरा वर्षं तेच सांगितलं होतं.

एके दिवशी मीच म्हटलं, तुम्ही दोघं बोटीवर चढण्याआधी ज्या छावणीत राहिलात ती दाखव. आम्ही उल्हासनगरला गेलो. बराकी तशाच आहेत, आता त्यांत सिंधी बिऱ्हाडं. त्याने आपली बराक बरोबर ओळखली. दारात एक म्हातारी पापड वाळत घालत होती. आम्ही कोण ते कळल्यावर "बैठो बेटा, पानी पियो" म्हणत तिने पाणी आणि भाजलेला पापड समोर ठेवला. धर्मराजने पापडाला हात लावला नाही. भिंतीकडे बघत होता. तिथेच रघूची खाट होती म्हणे. विठा तीन कोस चालत भाकऱ्या घेऊन आली होती त्यांना निरोप द्यायला.

मग तो म्हणाला, "मास्तर, पेनाला टोपन घाला."

मी घातलं.

"हे लिवायचं न्हाय."

"नाही लिहिणार."

"विठाच्या कानावर जाया नको."

"माझा शब्द आहे, धर्मराज."

आणि त्याने सांगितलं. टेलिफोनवरचा शिपाई तापाने पडला होता म्हणून त्या दिवशी त्याला बसवलं होतं. नदीकाठच्या पाणचक्कीत रघू आणि आणखी चौघे होते. मागे तोफखाना होता तो आपला नव्हे, दोस्तांपैकी दुसऱ्याच देशाचा. त्यांच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत काहीतरी भरभर सांगितलं. धर्मराजला दोन शब्द कळले, 'मिल' आणि 'मेन'. त्याला वाटलं, चक्कीत आपली माणसं आहेत का असं साहेब विचारतोय. तो म्हणाला, "येस सर." साहेब सांगत होता की माणसं बाहेर काढा, तोफा ठरल्या वेळेआधी सुरू होणार. साहेब म्हणाला गुड, आणि टेलिफोन ठेवला.

बाकीचं तू एव्हाना अंकात वाचलं असशील.

म्हातारीचे आभार मानून आम्ही निघालो. स्टेशनवर मी त्याला म्हटलं, तू पुढे हो, मला इथे एकाला भेटायचंय. कुणालाही भेटायचं नव्हतं. त्याची गाडी सुटली आणि मी बाकावर बसून वही उघडली. एक शब्द विसरायला नको म्हणून. अर्ध्या तासापूर्वी शब्द दिला होता, ताई. मी स्वतःला सांगितलं की नुसतं टिपून ठेवतोय. मग प्रबंध लिहिताना सांगितलं की इंग्रजीत आहे, बेलवलीत कोण वाचणार. मग मासिकाच्या संपादकांनी विचारलं, "गावाचं नाव ठेवायचं का? छोटं गाव आहे, माणूस ओळखू येईल." त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ठेवा, नावाशिवाय पुराव्याला वजन येत नाही.

इथे थांबलो तर बरं होईल, पण थांबत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धर्मराज पुण्याला आला होता. तुला बोलला नसेल. कॉलेजात आमचं चर्चासत्र होतं, विषय सामुदायिक सुरक्षितता. दिल्लीहून आलेल्या प्राध्यापकांना मी व्हरांड्यात चहा देत होतो आणि तो पायरीशी उभा, डोक्याला मुंडासं, हातात मासिकाचा अंक. तोच, तुझ्याकडचा.

पाहुण्यांनी विचारलं, "कोण हे?"

मी म्हणालो, "आमच्या बहिणीकडे दूध घालतात."

खोटं काहीच नव्हतं त्यात. ज्या माणसाच्या बोलण्यावर माझं सातवं प्रकरण उभं आहे, त्याची मी ही ओळख करून दिली. त्यांनी मान डोलावली आणि ते सभागृहात गेले.

धर्मराज ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता म्हणाला, "मास्तर, चला. विठाला सांगा. यात तुमी अर्धंच लिवलंय. दुसरं अर्धं तिला सांगा. माझं ती आता आयकत न्हाय. बोलते, घाबरून लपवलंस, छापून आलंय."

आतून घंटा झाली. माझं भाषण होतं.

"हो, हो," मी म्हटलं. "येत्या रविवारी नक्की येतो. सकाळच्या गाडीने."

"मी टेशनवर थांबन."

"थांब."

तो गेला. मी आत जाऊन पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. आणि रविवारी मी गेलो नाही. सकाळी कपडे घातले होते, चप्पलही घातली होती, मग सुनेत्राला म्हटलं, बरं वाटत नाही. खोटं नव्हतं तेही. बदलापूरच्या फलाटावर तो किती गाड्या पाहत उभा राहिला असेल ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

तो म्हणाला ते 'दुसरं अर्धं' काय, हे तू विचारशील. ते आधी तिला सांगायला हवं. तुलाही नंतर.

पुढच्या शनिवारी येतो. या वेळी कुणाला सांगितलेलं नाही, सुनेत्रालाही आत्ताच सांगितलं. ती सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "त्याला पायरीवर उभं ठेवलंत?" आणि आत गेली.

स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस. मला तुझ्या घराची वाट माहीत आहे.

तुझा म्हणायला लाजणारा,
शरद


बदलापूर, ताईच्या घरून,
२१ जुलै १९५७

विठाबाई,

मायना काय लिहावा ते सुचत नाही. तुमच्या नावामागे, नवरा गेल्यावर, जी दोन अक्षरं लिहायची रीत आहे ती लिहायला हात धजत नाही, कारण ती तुमच्या नावामागे कशी लागली तेच सांगायला बसलो आहे. म्हणून नुसतं नाव लिहिलं. अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. कुठे अडलं तर ताई शेजारी बसलेली असेल.

दोन आठवड्यांपूर्वी मी पहिल्यांदा कात्रपला आलो तेव्हा तुम्ही दार उघडलं नाहीत. काल तुमच्या सासूबाईंनी, कौसाबाईंनी, ओसरीवर पाट मांडला, पण तुम्ही आतच होतात. मी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही आतून म्हणालात, "बोलू नका. अकरा वर्सं बोललेलंच आयकलं. तुमी लिवलेलं हाय, तर आता पन लिवून द्या. मना वाचता येतं." मग थोड्या वेळाने म्हणालात, "आनि खाली नाव घाला. दादाचं न्हाय. तुमचं."

म्हणून लिहून देतो आहे.

मासिकात आलं त्यातलं टेलिफोनचं खरं आहे. धर्मराजला साहेबाचं बोलणं कळलं नाही आणि तो येस सर म्हणाला. तोफा दोस्तांच्या होत्या. हे तुम्ही वाचलंच आहे. पुढचं मी गाळलं.

पहिले गोळे पडले तेव्हा धर्मराजने टेलिफोन टाकला आणि तो चक्कीकडे धावला. मोकळं शेत होतं. तोफा चालूच होत्या. चौघे जागेवर गेले होते. रघू तुळईखाली होता, जिवंत. धर्मराजने तुळई उचलली. त्याचा डावा खांदा तेव्हा गेला. बोटीवर पडलो असं तो तुम्हाला सांगत आला, ते तसं नाही. रघूला पाठीवर घेऊन तो नदीच्या काठापर्यंत आला.

तिथे रघूने विचारलं, "या आपल्याच नं तोफा?"

धर्मराज खोटं बोलला नाही. तो म्हणाला, "आपल्याच. मना साहेबाचं कललं न्हाय, रघू. मी व्हय बोल्लो."

रघूने पाणी मागितलं. पाणी प्याल्यावर म्हणाला, "विठाला हे सांगू नको. तिला तुजकडंच यायचं हाय राह्याला. तुझ्या हातचं तिला खायाचं हाय. नको सांगू." धर्मराज कबूल होईना. रघूने त्याला गळ्याची आण घातली. मग तो गेला. लगेच नाही. धर्मराज म्हणाला, सूर्य डोंगराआड गेला तोपर्यंत होता. त्याचं डोकं धर्मराजच्या मांडीवर होतं.

हे त्याने मला उल्हासनगरच्या बराकीत सांगितलं. शेवटी तो हेही म्हणाला की रोज ती ताट वाढते तेव्हा वाटतं, आज सांगावं. मग रघूचा आवाज येतो.

आता माझं. मासिकात एक वाक्य आहे: 'शिक्षेच्या भीतीने त्या सैनिकाने ही गोष्ट पुढे सर्वांपासून लपवून ठेवली.' तुम्ही दादाला जे बोललात ते या वाक्यावरून बोललात. हे वाक्य त्याचं नाही. त्याने असं कधी म्हटलं नाही, त्याच्या कुठल्याही बोलण्याचा असा अर्थ होत नाही. ते मी रचलं. वेगवेगळ्या देशांच्या फौजा एकत्र लढतात तेव्हा खालची माणसं भीतीपोटी खरं बोलत नाहीत आणि त्यातून नाश होतो, असं मला सिद्ध करायचं होतं. रघूचं बोलणं त्यात बसत नव्हतं. आण घालणारा माणूस आणि ती पाळणारा माणूस माझ्या प्रकरणाला नको होते. मला भित्रा माणूस हवा होता, म्हणून मी तुमच्या भावाला तसा केला. त्यावर मला पदवी मिळाली.

तुम्ही म्हणाल, आता हा दादाची बाजू घेऊन काहीही लिहील. म्हणून वहीतलं पान फाडून सोबत जोडलं आहे. त्यावर पेन्सिलीने तारीख आहे, जानेवारी पंचावन्न. अक्षर घाईचं आहे, तुम्हाला लागायला वेळ लागेल, पण रघूचे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. ते तेव्हापासून माझ्याजवळ होते. मी ते तुमच्याआधी वाचले, परक्या माणसांपुढे मिरवायला पानावरचं निम्मं काढलं आणि हे निम्मं लपवलं. ते पान तुमचं आहे. माझ्याजवळ त्याची नक्कल ठेवलेली नाही.

मासिकाला मी हे सगळं कळवलं. ते छापतीलच असं नाही. विद्यापीठालाही पत्र लिहिलं आहे, पण ते अजून माझ्या पिशवीत आहे. टाकलेलं नाही. टाकीन असं तुम्हाला लिहून द्यावं असं वाटतं, पण माझ्या शब्दाचं काय होतं ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते पिशवीत आहे, एवढंच लिहितो.

धर्मराजला मी काल संध्याकाळी बेलवलीला जाऊन भेटलो. गोठ्यात होता. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं तर त्याने पाय मागे घेतले. म्हणाला, "मास्तर, असं करू नका, म्हस बुजते." मी विचारलं, विठाबाई लिहून मागताहेत, लिहू का? रघूने घातलेली आण मोडते. तो बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आन तर मोडलीच हाय. लिवा. आता सगलं लिवा. पन ती वाचील तवा मी तितं असन."

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो बाहेर अंगणात असेल. ताईबरोबरच आला असेल. पाऊस आहे, पण ओसरीवर चढायला तो तयार होणार नाही. त्याला आत बोलवा असं मी म्हणत नाही. तुम्हा बहीणभावांमध्ये काही म्हणण्याचा माझा अधिकार मी घालवला. तो तिथे आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पत्राखाली 'आपला' लिहितात. मी तुमचा कुणी नाही. तुम्ही सांगितलंत तसं फक्त नाव घालतो.

हे लिहिणारा, आणि ते लिहिणाराही,
शरदचंद्र गणेश मुळये